दहा रुपयांच्या पिनेपायी बोअर करायला निघालो होतो: कॉम्प्रेशन गेज आणि कॅमेरा, आठ महिन्यांनंतर

सिलिंडरमधे हवा किती जोरात दाबली जाते ते मोजायच्या याच गेजला मे महिन्यात मी एक स्टार दिला होता. आज चार करतोय. मधे जी फजिती झाली ती सविस्तर लिहितो, कारण जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागं लावायचं इंजिन) बाळगणारे बहुतेक जण माझ्यासारखेच चिकट असतात.

आमचं गाव दूधगंगेच्या काठावर, सदलग्याच्या खालच्या अंगाला. कृष्णा फुगली की दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं शिवारात पसरतं. २०१९ च्या ऑगस्टमधे नदीवरच्या मोटारी (आमच्याकडं मोटार म्हणजे पाण्याची) काढायला दुसऱ्याच्या होडीची वाट बघत बसलो आणि तीन मोटारी पाण्याखाली गेल्या. त्यानंतर भावाभावांनी मिळून फायबरची होडी घेतली. मालवणकडनं जुनं पंचवीस हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, दोरीनं चालू करायचं इंजिन आणलं. वर्षातले दहा महिने ते शेडात पोत्याखाली असतं. पण ज्या दिवशी लागतं त्या दिवशी मळ्यातल्या वस्तीवरची माणसं पाण्यात उभी असतात. तेव्हा 'थांबा, प्लग पुसून बघतो' म्हणायची सोय नसते.

म्हणून गेल्या नोव्हेंबरात दोन वस्तू ऑनलाईन मागवल्या. अॅडाप्टरांसह कॉम्प्रेशन गेज १,३५० रुपयांना आणि मोबाईलला जोडायचा बारीक वायरीचा कॅमेरा ८०० ला. कॅमेरा भावाच्या आग्रहानं घेतला. माझ्या मते ते खेळणं होतं.

मोजायची पद्धत ठाऊकच असेल. इंजिन बादलीत चालवून गरम करायचं, दोन्ही प्लग काढायचे, एका भोकात गेजची होज (नळी) आवळायची, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. प्लगच्या वायरी मोकळ्या लोंबकळू द्यायच्या नाहीत, बॉडीला अर्थ करायच्या आणि किल स्विचची (इंजिन बंद करायच्या स्विचची) दोरीही काढून ठेवायची, नाहीतर इग्निशनचा बॉक्स जळू शकतो आणि जुन्या इंजिनाचा तो बॉक्स शोधत कोकणभर फिरावं लागतं. अॅडाप्टर १४ एमएमचाच, पण आटे प्लगइतकेच लांब, म्हणजे अर्धा इंच असलेला लावायचा. लांब आट्यांचा आत घुसतो.

पहिलं माप वरच्या सिलिंडरमधे ११८ पौंड, खालच्यात ११५. मी खूश. नुसत्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक बघायचा असतो. दहा टक्क्यांच्या आत असेल तर झोप लागते. महिन्याला एकदा मोजून शेडाच्या दारावर खडूनं लिहायचा मला नादच लागला.

फेब्रुवारीत काटा टिकेना. ११० पर्यंत जायचा आणि डोळ्यादेखत खाली यायचा. या होजच्या तोंडाशी, प्लगच्या बाजूला, टायरच्या व्हॉल्व्हमधे असते तशी पिन असते. तिच्यामुळं आत गेलेली हवा परत येत नाही. तीच गळत होती. विक्रेत्याला मेसेज केला तर 'रिटर्नची मुदत संपली आहे' एवढंच उत्तर. हुबेहूब तशीच पिन आमच्या स्टँडवरच्या पंक्चरवाल्याकडं दहा रुपयांना मिळाली. आटे तेच, लांबी तीच. काटा जाग्यावर थांबायला लागला. विक्रेत्यावर कशी मात केली म्हणून दोन दिवस मिशीला पीळ.

मार्च-एप्रिल ऊस आणि लग्नांत गेले. मेमधे मोजलं तर वर ८२, खाली ८०. परत मोजलं, ८१ आणि ८०.

मेकॅनिक येऊन गेला. दोरी एकदा ओढून बघितली न् म्हणाला, "रिंगा गेल्यात काका. बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन टाकूया." म्हणजे सिलिंडर आतनं कापून मोठं करायचं. खर्च १८ हजारांच्या आसपास, पार्ट मिळाले तर. त्या रात्री मी एक स्टारचा तो रिव्ह्यू लिहिला. गेजचा त्यात काय दोष होता हे आता मलाही सांगता येणार नाही. राग कुठंतरी काढायचा होता.

पण एक गोष्ट खटकत होती. शेडात उभं असलेलं इंजिन, मधे अर्धा तासही चाललेलं नाही, त्याची दोन्ही सिलिंडरं मोजून-मापून एकसारखी कशी झिजतील? प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑईल सोडून परत मोजलं. पिस्टनभोवतीच्या रिंगांतनं गळत असेल तर ऑईल फट बुजवतं आणि आकडा चांगलाच चढतो. इथं तीन पौंड चढला. मग पुतण्याच्या मोटरसायकलला गेज लावलं. ती रोज निपाणीला जाऊन येते, कधी कुरकुर नाही. गेजच्या हिशेबानं तीही मेलेली. पुतण्या म्हणाला, "काका, मग मी रोज मढ्यावर बसून जातोय व्हय?"

दुसऱ्या कामासाठी बेळगावला उद्यमबागेत गेलो होतो तेव्हा गेज पिशवीत घालून नेलं. लेथवरच्या माणसानं होज उलटी केली, अंगठ्याचं नख पिनेवर दाबलं आणि हसला. "एनू आगिल्ल बिडरी," म्हणाला. काही झालेलं नाही, सोडा. "ही टायरची. हिची स्प्रिंग घट्ट असते."

गोम इतकीच होती. गेजमधली पिन फुंकरीनं उघडेल इतकी मऊ असते. टायरची पिन लावली की हवेचा बराचसा जोर स्प्रिंग ढकलण्यातच जातो आणि गेजला तेवढा आकडा कमी कळतो. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. घरी येऊन जुनी पिन शोधली. मी काही टाकत नाही, म्हणून ती चुन्याच्या रिकाम्या डबीत सापडली. दोन्ही शेजारी धरून नखानं दाबल्या. एक लगेच आत जायची, दुसरी नखात रुतायची. जुनीच्या रबराखाली कार्बनचा मोहरीएवढा कण अडकला होता. पेट्रोलमधे धुवून लावली. वर ११६, खाली ११४.

म्हणजे गेज चांगलं आहे. एक स्टार अजून कापतो, कारण डब्यात जादाची पिन नाही आणि 'टायरची लावू नका' ही एक ओळ छापलेली नाही.

आता कॅमेरा. मेकॅनिक बोअर करायचं म्हणाला तेव्हा घाबरून पहिल्यांदा नीट आत घातला. सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत, एक्झॉस्ट पोर्टच्या (धूर बाहेर जायच्या भोकाच्या) कडांना ओरखडा नाही. वरच्या पिस्टनच्या डोक्यावर काळा, ओलसर कार्बन. खालचा मात्र एका कडेला लख्ख, घासलेल्या तांब्यासारखा. मला वाटलं, चला, हा तरी स्वच्छ आहे.

तोच आजारी होता. टू-स्ट्रोकमधे पिस्टनचा एखादा भाग असा धुतल्यासारखा दिसला तर तिथं पाणी झिरपत असेल, त्याची वाफ होऊन कार्बन निघून जात असेल, अशी शंका घ्यायची. हेड उघडलं. गॅस्केट त्याच कडेला खाल्लेली आणि थंड पाण्याच्या वाटेत मालवणचं मीठ अजून दगडासारखं चिकटलेलं. इंजिन नदीवर येऊन इतकी वर्षं झाली, तरी. गॅस्केट, थर्मोस्टॅट, घासाघीस, सगळं मिळून २,६०० रुपयांत भागलं. गेज इकडं ११४ दाखवत होतं आणि एका पुरात इंजिन बसलं असतं. खेळणं म्हटलेला शब्द मागं घेतो. त्याचा दिवा मिणमिणता आहे, केबल नको तिकडं वळते, तरी पाच स्टार.

या दोन्हींना न दिसणारी एक जागा उरतेच, ती म्हणजे पिस्टनच्या मागचं क्रँककेस, क्रँक फिरतो ती पेटी. टू-स्ट्रोकमधे पेट्रोल-ऑईलचं मिश्रण आधी तिथं जातं. क्रँकचं सील किंवा रीड (मिश्रण आत घेणाऱ्या पातळ झडपा) गेले तर कॉम्प्रेशन ठणठणीत दिसूनही इंजिन हळू चालताना धापा टाकतं. कार्ब्युरेटरच्या तोंडातनं पेट्रोल उलटं उडतंय का, हे मी हात धरून बघतो. आणि काम झालं की कार्ब्युरेटर रिकामा करतो. पंपावरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. आपल्याच उसाचं इथेनॉल आणि आपलंच जेट तुंबतंय, तक्रार कुणाकडं करायची?

दारावरचे मेमधले आकडे पुसलेले नाहीत, नुसती काट मारलीय. पंक्चरवाल्याची ती पिन होडीच्या ट्रॉलीच्या डाव्या चाकात बसवली. तिथं हवा चांगली धरते.