रात्रीचा आरएमओ ऐनवेळी "नाही" म्हणाला तर...

संध्याकाळी सहाला आरएमओचा, म्हणजे रात्रभर वॉर्ड सांभाळणाऱ्या ड्युटी डॉक्टरचा, मेसेज येतो, "सर, आज जमणार नाही." आठला ड्युटी बदलायची. 20-25 खाटांच्या रुग्णालयापुढे अशा वेळी मुख्यतः तीन वाटा असतात.

दिवसाच्याच डॉक्टरला थांबवून घेणं सगळ्यात स्वस्त. पेशंट त्याच्या ओळखीचे, सिस्टर ओळखीच्या, हँडओव्हरची भानगड नाही. पण पहाटे तीनला इन्सुलिनची मात्रा लिहिणारा माणूस 19 तास जागा असतो. निवासी डॉक्टरांसाठी केंद्राने 1992 मध्येच सलग 12 तासांची आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा सांगितली होती. (मोठ्या सरकारी रुग्णालयांत ती किती पाळली जाते, ते तिथे राहिलेल्यांना विचारा.) महिन्यात एखाद्या वेळी ठीक. दर आठवड्याला केलंत तर पुढचा राजीनामा त्याचाच.

दुसरी वाट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या लोकमची, म्हणजे तात्पुरत्या बदली डॉक्टरची. "आज नाइट, 12 तास, जेवण मिळेल" असं टाकलं की बहुधा कुणीतरी मिळतं. दिवाळीत आणि नीट-पीजीच्या (एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेच्या) तोंडावर मात्र दर चढतो, कारण बरेचसे एमबीबीएस आरएमओ तीच परीक्षा देत असतात. पैशांपेक्षा मला धास्ती अनोळखीपणाची. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषध-साधनांची ट्रॉली) कुठे, कन्सल्टंटला कधी उठवायचं, त्याला काहीच ठाऊक नसतं. घाईत नोंदणी क्रमांक तपासायचा राहतो. बीएएमएस (आयुर्वेदाचा) असेल तर नोंदणीची परिषदही वेगळी. "तो आमचा नोकर नव्हता" हा बचावही चालत नाही. तात्पुरत्या बोलावलेल्या डॉक्टरच्या निष्काळजीपणालाही रुग्णालय जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगून ठेवलंय. एजन्सीकडून आणलात तरी तेच, वर कमिशन.

तिसरी वाट स्वतःच्या पॅनेलची. तीन-चार ओळखीचे डॉक्टर, कागदपत्रं आधीच फाइलला, एकदा वॉर्ड फिरवून आणलेले, आणि आठवडा वाटून स्टँडबायचे थोडे पैसे, बोलावलं नाही तरी. अकाउंटंट कुरकुरेल, कुरकुरू दे. मी हीच वाट धरेन. फक्त सगळे नीट-पीजीवाले भरू नका, नाहीतर परीक्षेच्या आठवड्यात पॅनेल एकदमच रिकामं. गावात दवाखाना असलेला एखादा जनरल प्रॅक्टिशनर त्यात हवाच.

आयसीयू असेल आणि तरीही लोकमवाचून इलाज नसेल, तर वॉर्डातला आपला जुना माणूस आयसीयूत पाठवा आणि नव्याला वॉर्डात बसवा.