एमएस-सीआयटी, सीसीसी की ओ लेव्हल?

बारावीचा निकाल लागला की जिंतूर, भोकरदन, अंबाजोगाई अशा तालुक्यांच्या गावी घरोघरी एकच चर्चा सुरू होते : संगणकाचा कोणता कोर्स लावायचा? शेजारच्या मुलाने जो केला तोच आपल्याही मुलाने करावा, यावर ती बहुधा संपते. वास्तविक एमएस-सीआयटी, सीसीसी आणि ओ लेव्हल या अभ्यासक्रमांमागे राज्य आणि केंद्र सरकारचे दोन निराळे हेतू आहेत, आणि ते लक्षात घेतल्यावाचून केलेली निवड पुढे महागात पडू शकते.

राज्य शासनाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजेच एमकेसीएल, स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा तिचा प्राथमिक संगणक अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. सामान्य माणसाला संगणक बिचकत न राहता वापरता यावा, हा त्याचा हेतू. तो मराठीतून शिकता येतो, केंद्र तालुक्यातच सापडते आणि दोन-तीन महिन्यांत काम उरकते. ज्या मुलीला रोज शहरात पाठवणे घरच्यांना परवडत नाही, तिच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

केंद्र सरकारची वाट वेगळी होती. संगणक क्षेत्राला लागणारे मनुष्यबळ केवळ महाविद्यालयांतून पुरेसे मिळणार नाही हे ओळखून १९९० मध्ये डीओईएसीसी ही संगणक शिक्षणाची योजना सुरू झाली आणि तिच्यातून ओ, ए, बी, सी असे चढते स्तर आले. ती राबवणारी केंद्र सरकारची संस्था २०११ पासून नाइलिट या नावाने ओळखली जाते. तिचे केंद्र छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात आहे.

नाइलिटचाच सीसीसी हा ८० तासांचा प्राथमिक अभ्यासक्रम आहे. त्याच्या परीक्षेत ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवायचे असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण लागतात. घरी अभ्यास करून थेट परीक्षेला बसता येत असल्याने, संगणकाची आधीच सवय असलेल्या उमेदवाराला तो सर्वांत कमी खर्चाचा पडतो.

ओ लेव्हलची मात्र गोष्टच निराळी. तो वर्षभराचा आहे. त्यात माहिती तंत्रज्ञानाची साधने व नेटवर्कची ओळख, वेब डिझायनिंग, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि इंटरनेट ऑफ थिंग्ज (इंटरनेटला जोडलेली उपकरणे) असे चार विषय असून प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही करावा लागतो. शिकणे मुख्यतः इंग्रजीतून होते. नोंदणी, दर पेपरचे परीक्षाशुल्क आणि संस्थेची फी यांची बेरीज आधीच करून ठेवावी. परीक्षा जानेवारीत आणि जुलैत होतात. जुलैची परीक्षा पेरणी-कोळपणीच्या धामधुमीत येते, त्यामुळे ज्याच्या घरी शेतात हात कमी आहेत त्याने जानेवारी धरावी.

माझे मत स्पष्ट आहे. लिपिक, तलाठी अशा भरतीसाठी केवळ प्रमाणपत्राची अट पूर्ण करायची असेल आणि मराठीतून शिकणे गरजेचे असेल, तर एमएस-सीआयटी घ्यावा. स्वतःच्या बळावर अभ्यास होत असेल तर सीसीसी पुरेसा आहे. मात्र ज्याला प्रोग्रॅमिंगची गोडी आहे, पण अभियांत्रिकीची फी झेपत नाही, त्याने तीन महिन्यांच्या कोर्सवर समाधान मानू नये. पदवी करता करता ओ लेव्हल पूर्ण करावा. पायथॉनमध्ये चार ओळी स्वतः लिहून त्या चालताना पाहणे आणि तयार सॉफ्टवेअरमध्ये पत्र टंकणे यांत फार अंतर आहे.

एक बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. राज्यातील अनेक भरती जाहिरातींत संगणक अर्हता म्हणून एमएस-सीआयटीसोबत डीओईएसीसीचे सीसीसी, ओ, ए, बी, सी हे स्तरही नमूद असतात. हे जुने नाव नाइलिटचेच. म्हणून अशा जाहिरातीसाठी ओ लेव्हल झालेल्याने एमएस-सीआयटीवर वेगळे पैसे घालवण्याचे कारण नाही. अर्ज भरण्यापूर्वी त्या जाहिरातीतील अर्हतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचून घ्यावा.