काळी-पांढरी बाळकार्डं: घ्यावीत का?

नवी पेठेतल्या खेळण्यांच्या दुकानांत ‘मेंदूविकास’ असं छापलेला काळ्या-पांढऱ्या कार्डांचा संच मिळतो. कार्डं कामाची आहेत, वरचा दावा मात्र फुगवलेला.

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं आणि काळ्या-पांढऱ्यासारखा ठळक फरक आधी टिपता येतो, म्हणून कार्डांवरच्या जाड पट्ट्यांवर त्याची नजर ठरते. बाळ जागं असताना, पण दूध पिऊन थोडा वेळ झाल्यावर, जमिनीवर सोलापुरी चादरीची घट्ट घडी घालून त्यावर त्याला पालथं ठेवा. कार्ड समोर उभं करून अगदी सावकाश सरकवा. एका वेळी २-३ मिनिटं पुरे. मान फिरवली, जांभई दिली की थांबा. पुढं रेटलं की किरकिर ठरलेली. आणि बोलत राहा! बाळ ‘ऊं’ करतं, आजी ‘हो गं बाई’ म्हणते, पुन्हा ‘ऊं’ येतं; मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात त्या या देवाणघेवाणीत.

खोट एकच, पण मोठी: लाळेनं पुठ्ठ्याचे पदर सुटतात, तुकडा घशात अडकू शकतो. गोल कोपऱ्यांचा, लॅमिनेट केलेलाच संच मागा.