कास्टिंगच्या एक्स-रे मशीनवर सागाची तुळई

वाळूज एमआयडीसीतल्या एका तपासणी केंद्रातलं इंडस्ट्रियल सीटी मशीन (वस्तू फिरवत सगळीकडून एक्स-रे काढून आतले काप दाखवणारं) बसवलंय ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांमधले ब्लो होल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, शोधायला. वाड्याच्या कुजक्या लाकडासाठी ते चालतं का? चालतं, पण सेटिंग आपणच सांगावं लागतं. नेहमीच्या सवयीने ऑपरेटर 160 किलोव्होल्ट लावतो, वर तांब्याचा फिल्टर. एवढ्या जोराचे किरण लाकडातून आरपार जातात आणि चित्र सगळं एकसारखं करडं येतं. सागाच्या बोटभर तुकड्याला 50-60 किलोव्होल्ट पुरे, तांबं काढायला लावायचं.

माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, तुळई कुजते ती भिंतीत गाडलेल्या तोंडाशी. छपरावरच्या पांढऱ्या मातीतून झिरपलेलं पाणी तिथं अडकतं, ओलावा 28-30 टक्क्यांच्या वर गेला की बुरशीचं फावतं. नमुना दिसत नाही अशा बाजूने प्लग कटरने काढावा, 10 मिमीची गुल्ली बास. गिरमिटाने नको, हातात भुसाच येतो. त्याच तुळईच्या धडधाकट भागातली दुसरी गुल्ली शेजारी ठेवून दोन्ही एकाच स्कॅनमध्ये घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

ओला नमुना थेट नेलात तर पैसे पाण्यात. पाणीही एक्स-रे अडवतं, त्यामुळे भिजलेलं कुजकं लाकूड कोरड्या चांगल्या लाकडाइतकंच घट्ट दिसतं. वजन स्थिर होईपर्यंत सावलीत वाळवा. भट्टीत नको, कुजका भाग तडकतो आणि त्या भेगा बुरशीच्या नावावर जमा होतात. मग क्लिंग फिल्म गुंडाळून थर्माकोलमध्ये घट्ट खोचा. स्कॅन चालू असताना लाकूड जरा जरी आकसलं की कडा दुहेरी येतात. पहिलं आणि 360 अंशांवरचं शेवटचं चित्र जुळतंय का, ते तिथंच तपासून घ्या. खिळा राहिला असेल तर त्याच्याभोवती पट्टेच पट्टे.

आता अपेक्षांचं. डिटेक्टर 2000 पिक्सेलचा धरला आणि चित्राची रुंदी 20 मिमी, तर एक ठिपका 10 मायक्रॉनचा. बुरशीचा तंतू बहुधा 2-4 मायक्रॉनचा, शिवाय त्याची घनता पेशीभिंतीपेक्षा फार वेगळी नाही. म्हणजे दिसते ती बुरशी नव्हे, तिने खाऊन टाकलेली जागा. सागाच्या मोठ्या नलिकांमध्ये पातळ पडदे दिसले की नवखे लोक ‘सापडली बुरशी’ म्हणतात. ते बहुतेक वेळा टायलोसिस असतात, नलिकेत शेजारच्या पेशींनी केलेले फुगवटे, लाकडाचे स्वतःचे. चमकणारे पांढरे ठिपकेही सागात मुळातच असतात.

खरी अडचण तपकिरी कुजीची, म्हणजे लाकूड तपकिरी करत कुजवणाऱ्या बुरशीची. वजन फारसं घटायच्या आधीच ती लाकडाची ताकद घालवते, त्यामुळे स्कॅन स्वच्छ आणि तुळई पोचट असं होऊ शकतं. तुळई ठेवायची की काढायची, हे केवळ या चित्रांवर ठरवू नये. आख्खं तोंड बघायचं तर दवाखान्याचं सीटी बरं, साधारण अर्ध्या मिमीपर्यंतच्या पोकळ्या त्यात कळतात.

केंद्राबद्दल एकच मोठी तक्रार: मागितलं नाही तर सहा रंगीत चित्रांची पीडीएफ हातात ठेवतात. कापांचा 16 बिटचा टिफ संच (मूळ करड्या छटा जशाच्या तशा ठेवणाऱ्या चित्रफायली) मागून घ्या. तो 16 जीबीच्या घरात जातो, लहान पेन ड्राइव्हवर भागत नाही, हार्ड डिस्क घरूनच न्या.