थार, जिमनी की गुरखा: इंदुरात मिरवायला कोणती, चिखलात उतरवायला कोणती?

राजेंद्र नगरात बसा की सुदामा नगरात, आपल्याकडे नव्या फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीची, चर्चा रंगापासून सुरू होते आणि टायरपर्यंत येता येता चहा संपतो. क्रम उलटा हवा. गाडी शनिवारी रात्री सुपर कॉरिडॉरवर उभी राहणार आहे, की रविवारी सकाळी चोरलच्या बाजूला कच्च्या वाटेवर उतरणार आहे, हे आधी ठरवा. विचारलं की सगळे "दोन्ही" म्हणतात. मात्र दोन्ही कामांचं सामान वेगळं, आणि एकासाठी केलेला खर्च बऱ्याचदा दुसऱ्याच्या आड येतो. वीस इंची चकचकीत अलॉयवर चढवलेला पातळ टायर फोटोत झकास दिसतो, पण जानापावच्या आसपास दगडावर आपटला की रिमच वाकते.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नुसतंच मिरवायचं असेल तर फोर बाय फोरचे पैसे भरूच नका. जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राच्या थारची मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती आली. रूप तेच, आत दीड लिटरचं डिझेल किंवा दोन लिटरचं पेट्रोल इंजिन. चारही चाकांना ताकद जोडायचा ट्रान्सफर केसचा दुसरा दांडा आत नाही, हे छप्पन दुकानापाशी कुणालाही कळणार नाही. वाचलेल्या पैशात रॅप (रंगावर चिकटवायची फिल्म), सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम आरामात होते. यात कमीपणा मानायचं कारण नाही.

ज्यांना खरोखर चारही चाकांची ताकद हवी आहे, त्यांच्यासाठी पुढचं. कंपनीतून निघालेल्या गाड्यांचं मोजमाप असं:

| | थार (तीन दारी) | जिमनी (पाच दारी) | गुरखा (तीन दारी, २०२४) |
|---|---|---|---|
| लांबी | ३,९८५ मिमी | ३,९८५ मिमी | ३,९६५ मिमी |
| रुंदी | १,८२० मिमी | १,६४५ मिमी | १,८६५ मिमी |
| ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटाची उंची) | २२६ मिमी | २१० मिमी | २३३ मिमी |
| टायर | २५५/६५ आर १८ | १९५/८० आर १५ | २५५/६५ आर १८ |
| टॉर्क (इंजिनाचा ओढायचा जोर) | ३०० एनएम (२.२ डिझेल) | १३४ एनएम (१.५ पेट्रोल) | ३२० एनएम (२.६ डिझेल) |

थार: बाजार तिच्या पाठीशी

थारची सगळ्यात मोठी बाजू कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ती आहे ऍक्सेसरीच्या बाजारात. २ ऑक्टोबर २०२० ला ही पिढी विक्रीला आली आणि तेव्हापासून बंपर, ग्रिल, रूफ रॅक, हार्ड टॉप, गाडी उंच करायचं लिफ्ट किट, फूटस्टेप, काय म्हणाल ते तिच्या मापात तयार मिळतं. बसवणाऱ्याचा हातही बसलेला असतो. जिमनीला किंवा गुरख्याला तोच भाग हवा असेल तर अनेकदा मागवून वाट पाहावी लागते.

पण नेमकी इथेच मिरवण्याची अडचण आहे. एमपी ०९ च्या काळ्या थार सिग्नलवर एकामागे एक उभ्या दिसतात, सगळ्यांना तीच ग्रिल आणि बॉनेटवर तेच काळं स्टिकर. उठून दिसायचं म्हणून जे करता, ते शेजारच्याने आधीच केलेलं असतं. थार घेऊन खरंच वेगळं दिसायचं असेल तर कमी करा: मूळ रंग ठेवा, उंच भिंतीचे ऑल-टेरेन टायर घाला, आणि चाकाच्या कमानींना साधं प्लॅस्टिकचं आवरण. गर्दीत तीच नजरेत भरते.

यंत्राच्या बाजूने एक गोष्ट लक्षात ठेवा. थारचं पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी वर-खाली होतात; मागचा एक्सल सलग. दोन इंच लिफ्ट केली की पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतात, आतलं ग्रीस निघून जातं आणि मग सांधा खडखडायला लागतो. स्वस्त लिफ्ट म्हणजे स्प्रिंगखाली घातलेला ठोकळा. त्याने उंची मिळते, चाकाचा वर-खाली खेळ वाढत नाही. लिफ्ट करायचीच असेल तर स्प्रिंग आणि शॉक ऍब्सॉर्बर जोडीने बदला, आणि अलाइनमेंट करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. काही व्हेरियंटमध्ये मागच्या डिफरेंशियलला (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) मेकॅनिकल लॉक येतो, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसरं फिरत राहतं; सगळ्यांत नाही. बुकिंगआधी विचारून घ्या, कारण नंतर तो बाहेरून बसवणं महागात जातं.

घरात लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर तीन दारांची थार म्हणजे रोजची कसरत. १५ ऑगस्ट २०२४ ला आलेली पाच दारांची रॉक्स तो प्रश्न सोडवते, पण तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळतो आणि लांबी ४,४२८ मिमी होते. आपल्या जुन्या वाड्यांच्या फाटकातून ती आत जाईल का, हे टेप घेऊन बघा.

जिमनी: हलकी, आणि म्हणूनच अवघड

मारुती सुझुकीची जिमनी जून २०२३ मध्ये आपल्याकडे १२.७४ लाखांपासून आली आणि प्रत्येक व्हेरियंटला फोर बाय फोर दिला. इथे तिला "छोटीशी" म्हणून हिणवणारे भेटतील. त्यांना सांगा, हीच भारतात बनलेली पाच दारी जिमनी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये 'नोमेड' नावाने जाहीर झाली, आणि चार दिवसांत ५०,००० मागण्या आल्यामुळे कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं.

तिचं वजन साधारण १,२०० किलो, थार जवळपास त्याच्या दीडपट. पावसाळ्यात माळव्याची काळी माती भिजली की हे वजन कळतं. ही माती नुसती निसरडी नसते, ती चिकटते. टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक गोटा बनून जागच्या जागी फिरतं. जड गाडी तिथे स्वतःच्याच वजनाने रुतत जाते, जिमनी वरवरून निघून जाण्याची शक्यता जास्त. रुतली तरी चार जण ढकलून काढू शकतात. शिवाय तिला पुढे-मागे दोन्हीकडे सलग एक्सल आहेत, त्यामुळे खडकाळ वाटेवर एक चाक वर गेलं तरी दुसरं जमिनीला धरून राहतं. मागे ५० अंशांचा डिपार्चर अँगल (शेपटीखालच्या मोकळ्या जागेचा कोन) आहे, म्हणजे नाल्यातून वर येताना शेपटी घासत नाही. पुढून मात्र थार सरस: तिचा अप्रोच अँगल (नाकाखालचा तसाच कोन) ४१ अंशांच्या वर, जिमनीचा ३६.

आणि शहरात? सराफ्याच्या आसपासच्या बोळांत १७५ मिमी कमी रुंदी म्हणजे आरसा मिटून निघायचं की मागे घ्यायचं, एवढा फरक.

आता अडचण. १३४ एनएम टॉर्कवर जे काही लादाल ते इंजिनाला जाणवतं. पोलादी बंपर, विंच (रुतलेली गाडी ओढायचं यंत्र), रूफ रॅक, वर तंबू असं सगळं चढवलं की जिमनीचा हलकेपणाच संपतो, आणि तोच तर तिचा गुण. जाम गेटच्या चढावर ट्रकच्या मागे अडकलात की ओव्हरटेकसाठी दम उरत नाही. उंच गाडी अरुंदही आहे, लिफ्टनंतर वळणावर ती कलल्याचं स्टिअरिंगमध्ये जाणवतं. जिमनीवर हात राखून काम करा: टायर, खालून इंजिन आणि गिअरबॉक्सला पत्र्याचं संरक्षण, पुढे-मागे ओढायचे पक्के हुक. बास. मिरवायचंच तर तिच्या चौकोनी अंगाला दोन रंगांचा रॅप फार शोभतो, आणि कंपनीच्या स्वतःच्या ऍक्सेसरीच्या यादीतही स्टिकर, क्लॅडिंग आणि रूफ रॅक आहेत.

गुरखा: आधीच सगळं असलेली

गुरखा बनवणाऱ्या फोर्स मोटर्सबद्दल इंदूरकरांना आपुलकी असायला हरकत नाही, कंपनीचा एक कारखाना इथेच पीथमपूरला आहे. मे २०२४ मध्ये नवी तीन दारी गुरखा १६.७५ लाखांना आली तेव्हा किंमत जास्त वाटली होती. पण हिशेब मांडून पाहा. पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरेंशियलना हाताने लावायचे लॉक, स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी), ७०० मिमी पाण्यातून जाण्याची क्षमता (थारची ६५०), सगळं कारखान्यातूनच. थारवर हे उभं करायला गेलात तर खर्च वाढतो, आणि प्रत्येक भागासोबत वॉरंटीचा प्रश्न येतो तो वेगळाच.

मग सगळे गुरखाच का घेत नाहीत? ऑटोमॅटिक गिअर मिळत नाही. रोजच्या एबी रोडवरच्या गर्दीत डाव्या पायाची परीक्षा होते. उंची दोन मीटरच्या वर, त्यावर रॅक चढवला की मॉलच्या तळघरातल्या पार्किंगपाशी उंचीची पाटी वाचून मगच आत शिरावं लागतं. आतली सजावट साधी, आणि सजवायला सामानही कमी मिळतं. पण सिग्नलवर माना वळतात त्या हिच्याकडेच, कारण रस्त्यावर ती क्वचित दिसते. कमी खटपटीत जास्त भाव खाणारी गाडी हवी असेल तर माझं मत गुरख्याला.

टायर: पैसा आधी इथे

तिन्हींपैकी कोणतीही घ्या, पहिला खर्च टायरचा. हाच एक बदल मिरवायला आणि चिखलाला दोन्हीकडे उपयोगी पडतो.

फक्त आकाराचा हव्यास नको. थारच्या मूळ टायरचा व्यास ७८९ मिमी, म्हणजे ३१ इंच. त्याऐवजी २८५/७० आर १७ घातलात तर तो ८३१ मिमी होतो. फरक ४२ मिमीचा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, २१ मिमी. बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवताना गाडी प्रत्यक्षात १०५ च्या आसपास असते, पिकअप मंदावतो, ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि मागच्या दारावर टांगलेलं जड सुटं चाक बिजागरी खाली ओढतं. जिमनीवर २१५/७५ आर १५ घातला तर व्यास जेमतेम १० मिमी वाढतो आणि गाडीचा स्वभाव बिघडत नाही. २३५/७५ वर गेलात की ४० मिमी वाढ होते आणि १३४ एनएमची ओढाताण सुरू.

ऑल-टेरेन की मड-टेरेन? वर्षातले बहुतेक दिवस गाडी डांबरी रस्त्यावरच असते, म्हणून ऑल-टेरेन. मड-टेरेन काळ्या मातीत खरोखर सरस ठरतात, कारण रुंद खाचांतून माती फेकली जाते, पण बायपासवर त्यांचा घोंगावणारा आवाज आणि ओल्या रस्त्यावरची कमी पकड रोज सोसावी लागते. त्यापेक्षा हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर घ्या. चिखलात शिरण्याआधी हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली की साधा टायरही रुंद पसरून पकड घेतो. डांबरावर परत आल्यावर पहिलं काम पुन्हा हवा भरण्याचं.

स्नॉर्कल बसवला म्हणजे गाडी होडी झाली, असंही समजू नका. तो फक्त इंजिनाची हवा वरून घेतो. डिफरेंशियल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदर (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या) नळ्या खालीच असतील तर पाणी तिथून तेलात जातं. आणि ६५० किंवा ७०० मिमीचे आकडे संथ पाण्याचे आहेत. पावसाळ्यात चोरल नदीला ओढ असते तेव्हा ते विसरा.

आरटीओ आणि विमा

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतून ड्युसेनबर्ग गाडी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडून दोन माणसांची लांबलचक बॉडी बनवून घेतली. तेव्हा श्रीमंतांच्या गाड्यांची रीतच ती होती, चेसिस एकाची, बॉडी दुसऱ्याची. आज मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. गाडी उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. कलम १८२ए नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

लिफ्ट, ३३ इंची टायर, मूळ बंपर काढून बसवलेला पोलादी बंपर, मोकळा सायलेन्सर हे सगळं या कलमाच्या कचाट्यात सापडू शकतं. समोर लावायच्या पाइपच्या गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. कारण नुसतं पादचाऱ्यांच्या जिवाचं नाही. धडकेचा जोर गार्डने थेट चेसिसवर नेला तर एअरबॅगचा सेन्सर चुकू शकतो. काचांसाठी पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे. छतावरची एलईडी पट्टी शहरात झाकलेली बरी. गाडीचा सगळा रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. अर्धवट रॅप, पट्टे, बॉनेटचं स्टिकर यांत डोकेदुखी कमी.

विमा कंपनीला बसवलेल्या महागड्या वस्तू लेखी कळवा आणि पावत्या जपून ठेवा. दुकानदार हेडलाइटची किंवा कॅमेऱ्याची मूळ वायर कापून जोड देऊ लागला तर थांबवा आणि जोडणीसाठी कपलर (वायर न कापता जोडायची खटक्याची पिन) मागा. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकल वॉरंटीवर वाद ठरलेलाच. आणि मूळ टायर, बंपर, सायलेन्सर दुकानातच सोडून येऊ नका. गाडी विकताना नव्या मालकाला बहुधा तीच हवी असते.