ठोसेघरच्या रस्त्यावर बॅटरीवर चाललेली नाश्त्याची गाडी : अकरा महिन्यांचा अनुभव

आमची नाश्त्याची गाडी पावसाळ्यात ठोसेघर-चाळकेवाडीच्या रस्त्यावर आणि एरवी यात्रा, बारसे किंवा साखरपुड्याच्या मागणीप्रमाणे सातारा व खटाव तालुक्यांत उभी राहते. वीज यांपैकी बहुतेक ठिकाणी मिळत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर डोक्यावर पवनचक्क्या फिरत असताना खाली मिसळीच्या वाटणासाठी जनरेटरची दोरी ओढणे, हा प्रकार पाच वर्षे केला. जनरेटर दिवसाला सहा-सात लिटर पेट्रोल पीत असे आणि त्याच्या आवाजात गिऱ्हाईक 'एक कटिंग' म्हणाले की 'एक मिसळ', हे दोनदा विचारावे लागे.

गेल्या जूनमध्ये २४ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, बॅटरीच्या विजेवर घरगुती उपकरणे चालवणारा ३ केव्हीएचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि पिकअपच्या टपावर ५४० वॅटचे एक पॅनेल बसवले. सर्व मिळून १,६५,००० रुपये खर्च आला. बॅटरीत सुमारे पाच युनिट वीज मावते. तेवढ्यासाठी घरच्या इन्व्हर्टरला असतात तशा शिशाच्या ट्युब्युलर बॅटऱ्या घेतल्या असत्या, तर त्या निम्म्याच उतरवायच्या असल्यामुळे पाच-सहा लागल्या असत्या आणि तीनशे किलोंचे ओझे रोज घाटात चढवावे लागले असते.

लोक पॅनेलकडे पाहून "फुकट वीज" असे म्हणतात, म्हणून हे आधी स्पष्ट करतो. आमचा खरा हंगाम पावसाळ्याचा, आणि त्या दिवसांत पठारावर समोरची गाडी दिसणार नाही असे धुके असते. अशा दिवशी पॅनेलने जेमतेम अर्धा युनिट दिले. मार्चच्या स्वच्छ उन्हात तेच दोन ते सव्वादोन युनिट देते. पावसाळ्यात आमचा व्यवसाय चालला तो साताऱ्यातील गाळ्याच्या व्यावसायिक मीटरवर रात्री पाच तास चार्ज करून नेलेल्या विजेवर. व्यावसायिक दर चढा असला, तरी तो पेट्रोलच्या जवळपासही जात नाही.

रोजचा खर्च तीन ते साडेतीन युनिटांच्या आत राहतो, कारण उष्णतेचे एकही काम आम्ही विजेवर घेतले नाही. चहा, कट, भजी हे सर्व १९ किलोच्या सिलिंडरवर होते. वीज लागते ती फ्रिज, ७५० वॅटचा मिक्सर, एक्झॉस्ट पंखा, दिवे आणि क्यूआरच्या स्पीकरला. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी दोन-अडीच तासांत ही संपूर्ण बॅटरी रिकामी करील, एवढेच सांगणे पुरे. पहिल्या आठवड्यात मात्र गाडी बंद असूनही सकाळी बॅटरी एक-पंचमांशाने उतरलेली दिसे. चोर सापडला तो इन्व्हर्टरच. काहीही जोडलेले नसताना तो स्वतः ऐंशी-नव्वद वॅट खात होता. आता फ्रिज रिकामा करून रात्री इन्व्हर्टर बंदच ठेवतो.

सर्वांत गंभीर प्रसंग ऑगस्टमध्ये घडला. वाटण करताना दिवे मिणमिणू लागले आणि तापलेल्या रबराचा वास आला. बॅटरीचे खोके उघडले तेव्हा तिच्या धन टोकावरील लगचे (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीचे) लाल टोपण तपकिरी पडून पापडासारखे कडक झाले होते. बसवणाऱ्याने नट सैल होऊ न देणारे स्प्रिंग वॉशर लावलेच नव्हते. घाटातल्या खड्ड्यांनी नट दीड आटा सैल झाला होता. घरात बसवलेल्या यंत्रणेला असे हादरे बसत नाहीत, आणि हा फरक बसवणाऱ्याला सुचला नव्हता. नवा लग, स्प्रिंग वॉशर लावून नट व बोल्ट यांवर वहिनींच्या नेलपॉलिशची एक सलग रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. दर सोमवारी गाडी धुताना ती पाहिली जाते.

यंत्रणा बसवणाऱ्या त्याच मेकॅनिकने गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावरून) बॅटरी चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर सुचवला होता. साडेतीनशे वॅटच्या हिशेबाने ठोसेघरच्या चढात पाव युनिट मिळेल आणि किंमत वीस हजार, म्हणून नाकारला. रोज लांब पल्ला करणाऱ्याला तो परवडेल.

जनरेटर अजून विकलेला नाही. डिसेंबरमध्ये पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत सलग मुक्काम होता. फ्रिज चोवीस तास चालू आणि दिवे मध्यरात्रीपर्यंत, त्यामुळे खर्च रोज साडेचार युनिटांवर गेला आणि हिवाळी उन्हातून दोनच परत आले. दुसऱ्या रात्री साडेदहाला, ऐन गर्दीत, बॅटरीने स्वतःहून वीज तोडली. शेजारच्या पाळणेवाल्याने दिव्यापुरती वायर दिली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटा भाऊ साताऱ्याहून जुना जनरेटर टेम्पोत घालून घेऊन आला.