एलियन: आयसोलेशन, बऱ्याच महिन्यांनंतर: हेडफोनची एक बाजू गेली आणि भीतीही गेली

गेम बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे ओळख थोडक्यात. २०१४ चा, क्रिएटिव्ह असेम्ब्ली या स्टुडिओचा हॉरर गेम. सेव्हास्टोपोल स्पेस स्टेशन, अमांडा रिप्ली (म्हणजे आपण) आणि कशानेही न मरणारा एक झेनोमॉर्फ, ‘एलियन’ सिनेमांतला तो परग्रही प्राणी. मी पीसीवर सेलमध्ये घेतला, त्या किमतीत पैसे कधीच वसूल झालेत. लिहायला बसवलं ते हेडफोनने.

अर्ध्या गेममध्ये डावी बाजू बंद पडली. वॉरंटी शिल्लक होती, बिल होतं, बॉक्ससुद्धा जपून ठेवला होता. सर्व्हिस सेंटरवाल्याने केबल दोनदा फिरवून बघितली, ‘फिजिकल डॅमेज’ असा शेरा मारला आणि दुरुस्तीचा असा आकडा सांगितला की तेवढ्यात नवा हेडफोन येतो. केबल कुठे तुटलीय ते दाखवा म्हटलं, तर दाखवता येईना. बराच वाद घातल्यावर ‘तक्रार वर पाठवतो’ एवढंच पदरात पडलं, आणि तपासणीसाठी हेडफोन ठेवून घ्यायलाही तयार नव्हते. निकाल लागेपर्यंत एक रुपया घालायचा नाही असं ठरवलं आणि एकाच कानावर गेम पुढे सुरू ठेवला.

तेव्हापासून गेम भीतिदायक राहिलाच नाही. तोच प्राणी, तेच अंधारे कॉरिडॉर, तोच लवलवता जबडा. मरत होतो आधीपेक्षा जास्त, पण छातीत धस्स होत नव्हतं, नुसता वैताग येत होता.

का, ते सांगतो. हातातला मोशन ट्रॅकर समोरच्या हालचालीची दिशा आणि अंतर दाखवतो, उंची दाखवत नाही. ठिपका जवळ आला म्हणजे तो पलीकडच्या खोलीत आहे की डोक्यावरच्या व्हेंटमध्ये, म्हणजे हवेच्या पत्र्याच्या नळीत, हे स्क्रीनवर कळत नाही. ते कानांनी ओळखायचं. व्हेंटमधून सरकताना पत्र्याचा पोकळ खडखडाट होतो, जमिनीवर उतरला की जड पावलं पडतात. बरं, ट्रॅकर डोळ्यांसमोर धरला की मागचं दृश्य धूसर होतं, म्हणजे तेवढा वेळ समोरच्या कॉरिडॉरचा भरवसा नाही. ट्रॅकर थोडं सांगतो, कान थोडं सांगतात, आणि सगळं जुळवूनही एक फट उरतेच. भीती त्या फटीत असते. माझा डावा कान गेल्यावर ती फट उरलीच नाही, सगळाच अंदाधुंद कारभार झाला. शत्रू कुठूनही येऊ शकतो असं झालं की माणूस घाबरायचं सोडून देतो. म्हणून ‘अंधार जास्त तर भीती जास्त’ हे मला आता पटत नाही. खरी पण अपुरी माहिती हातात असावी लागते.

नाइटमेअर या सगळ्यात कठीण मोडमध्ये ट्रॅकरच बिघडलेला मिळतो आणि सगळा भार कानांवर येतो. तो मोड एका कानावर सुरू करूच नका.

नुसत्या राक्षसाच्या रूपाने काही होत नाही याचा पुरावा म्हणजे २०१३ चा एलियन्स: कलोनियल मरीन्स हा गेम. जात तीच, दात तेच. तिथे ते कळपाने येतात आणि गोळ्यांनी मरतात. पुढे काही वर्षांनी कोणीतरी शोधून काढलं की सेटिंगच्या फाइलमध्ये एका शब्दात एक अक्षर जास्त पडल्यामुळे त्यांची अक्कलच नीट चालत नव्हती. ते दुरुस्त केल्यावर ते बरे वागतात म्हणे. पण मरतातच ना.

आयसोलेशनमधल्या प्राण्यामागे दोन मेंदू आहेत, म्हणजे त्याला चालवणारे दोन प्रोग्राम. वरच्या मेंदूला तुम्ही कुठे आहात ते कायम माहीत असतं, पण तो प्राण्याला नेमकी जागा सांगत नाही, फक्त त्या भागाकडे वळवतो. पुढचा शोध प्राण्याने स्वतःच्या नजरेने आणि कानांनी घ्यायचा. तो फार वेळ तुमच्या आसपास राहिला, दबाव वाढला, की वरचा मेंदू त्याला परत व्हेंटमध्ये पाठवतो. त्यामुळे लॉकरमध्ये श्वास रोखून उभं असताना तो दारापाशी हुंगतो तेव्हा त्याला खरंच खात्री नसते. तुम्हालाही नसते. २०१९ च्या रेसिडेंट ईव्हिल २ या गेममध्ये पाठलाग करणाऱ्या मिस्टर एक्सची पावलंही अशीच भिंतींमधून ऐकू येतात आणि तिथेही तेच काम करतात, पण तो चालत येतो, त्याच्यापासून पळता येतं. इथे पळालात की संपलात.

गेम सेव्ह करण्याच्या पद्धतीबद्दल सगळे कुरकुरतात. भिंतीवरच्या फोनमध्ये कार्ड घालायचं, दिवे लागेपर्यंत थांबायचं, आणि तेवढ्यात मागून शेपूट आरपार. माझ्या मते हे असंच हवं. अर्ध्या तासाची मेहनत पणाला लागलेली नसती तर त्या पावलांना काय किंमत राहिली असती?

फ्लेमथ्रोअर, म्हणजे आग फेकणारं हत्यार, मिळाल्यावर मात्र मी मनातल्या मनात गेमचे दोन तारे कापले होते. एक फवारा मारला की तो किंचाळत व्हेंटमध्ये पळतो, मग कसली भीती! हे मत पुढे बदललं. गेम जसजसा सरकतो तसतसे त्याच्या वागण्यातले आधी बंद ठेवलेले भाग उघडत जातात. आगीला तो पूर्वीइतका बिचकत नाही, लवकर परततो, आणि तो आपल्याकडून शिकतोय असं वाटत राहतं. एक तारा परत दिला.

दुसरा दिलेला नाही, कारण प्राणी फार जवळ घुटमळतो. वरचा मेंदू त्याला सारखा तुमच्याच भागात ओढतो, आणि लांबलचक मिशनमध्ये त्याच्या येण्याजाण्याला एक ठेका येतो. ठेका कळला की भीती विरते. यावर मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल) आहे, प्राण्याला तुमच्याकडे ओढणारा हा दोर सैल करणारा. तो टाकून पुन्हा सुरुवातीपासून खेळतोय. आता प्राणी कधीकधी इतका लांब जातो की स्टेशनची नुसती घरघर ऐकू येते, आणि मग दूरवर पत्रा वाजतो. जरूर टाकून बघा, पण पहिल्या खेपेला नको.

वर्किंग जो अँड्रॉइड, म्हणजे स्टेशनवरचे माणसासारखे रोबोट, त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. रबरी चेहरा, धावत नाहीत, गळा दाबतानाही आवाज शांत आणि सभ्य. ते मला आवडतात. पण मधली जी मिशन्स त्यांच्यावरच काढली आहेत तिथे गेम लांबला आहे, हे सरळ सांगतो. अठरा मिशन्स जास्त होतात.

हेडफोनचा निकाल अजून आलेला नाही. शेवटी साधा वायरचा स्वस्तातला घेतला, ब्रँड वगैरे काही नाही. दोन्ही बाजू चालतात, व्हेंट डावीकडे वाजलं तर डावीकडेच ऐकू येतं, या गेमला तेवढं पुरतं. मोबाइलवर घेणार असाल तरी फोनच्या स्पीकरवर खेळू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढचा भाग बनतोय असं क्रिएटिव्ह असेम्ब्लीने जाहीर केलंय. त्यांनी दोन मेंदू तसेच ठेवावेत, दोर थोडा लांब करावा आणि मिशन्स कमी कराव्यात. तसं झालं तर मी सेलची वाट बघणार नाही.